शेवटचे चार किलो आणि तेलाचा डबा

पहिले आठ-दहा किलो कमी करणे सोपे असते, असे म्हटले तर ज्यांनी ते कष्टाने कमी केले आहेत ते माझ्यावर रागावतील. पण शेवटच्या तीन-चार किलोंशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना माझे म्हणणे पटेल. सुरुवातीला करण्यासारख्या गोष्टी ठळक असतात. चहातील साखर कमी करावी, सायंकाळची कचोरी बंद करावी, रोज तासभर चालावे, आणि काटा खाली येऊ लागतो. पुढे असा एक टप्पा येतो की बंद करण्यासारखे डोळ्यांत भरणारे काही उरत नाही आणि वजन महिनोन्महिने जेथल्या तेथे राहते. मी धुळ्यात राहते, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि घरी रोज भाकरी थापते. या टप्प्यावर मला काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझी उंची 158 सेंटीमीटर, आणि वजन 61 किलोवर अडकलेले. शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 23 च्या पुढे गेला की भारतीयांनी जादा वजन समजावे, असा संकेत आहे. पाश्चात्त्य देशांत हीच मर्यादा 25 धरतात. आपल्याकडे ती खाली आणण्याचे कारण असे की, तेवढ्याच निर्देशांकाच्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती चरबी अधिक साठलेली असते आणि मधुमेहाचा धोका त्याला लवकर गाठतो. माझ्या उंचीला 23 हा आकडा साडेसत्तावन्न किलोंच्या आसपास येतो. म्हणजे अंतर उरले साडेतीन-चार किलोंचे. एक किलो शारीरिक चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात, असे ढोबळमानाने धरले जाते. त्या हिशेबाने चार किलोंच्या तीस हजारांवर कॅलरी होतात, आणि रोज दोनशे कॅलरींची तूट राहिली तर कागदावर पाच महिने लागतात. प्रत्यक्षात त्याहून अधिक, कारण वजन उतरते तशी शरीराची गरजही उतरते. या दोनशे कॅलरी म्हणजे किती, तर चहाचे पाच चमचे तेल, किंवा मुठीपेक्षा किंचित अधिक शेंगदाणे. ही तूट इतकी बारीक आहे की ती पडली तरी पोटाला कळत नाही, आणि कोठेतरी भरून निघाली तरीही कळत नाही.

शरीर याच सुमारास अधिक हट्टी होते, त्यालाही कारण आहे. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवते; त्याचा शोध 1994 मध्ये लागला. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि मेंदू त्याचा अर्थ ‘साठा संपत चालला’ असा घेतो. जठरातून स्रवणारे, भूक चाळवणारे घ्रेलिन 1999 मध्ये सापडले; वजन कमी केल्यानंतर त्याची पातळी वाढलेली आढळते. अमेरिकेतील संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण खाण्याची ओढ मात्र रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. हे वाचल्यावर मला मोठाच दिलासा मिळाला. आठ-दहा किलो उतरवलेल्या बाईला संध्याकाळी पाच वाजता डब्यांच्या फळीकडे जावेसे वाटते, तेव्हा तिच्या निर्धारात खोट असते असे नाही. तिचे शरीर नेमून दिलेले काम करत असते. त्या ओढीशी दिवसभर भांडत बसण्यापेक्षा, ती कोणत्या वाटेने ताटात उतरते याकडे लक्ष ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

जेवताना जेवणाकडेच लक्ष देणे, यावर हल्ली बरेच बोलले जाते. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताण कमी करण्याचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एकच बेदाणा निरखून, हुंगून, सावकाश चावून खाण्याचा पाठ असतो, आणि पुष्कळ जण या विषयाची सुरुवात तेथून करतात. आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात आहारविधी सांगताना फार घाईने नको, फार रेंगाळत नको, बडबड आणि हसणे-खिदळणे नको, तन्मय होऊन जेवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आयुर्वेदाचे दुसरे जुने आचार्य वाग्भट यांनी पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवण्यास सांगितले. अर्थात चौथा भाग मोकळा आहे हे कळायला वेळ लागतो. अन्न आतड्यात पोहोचून तेथील तृप्तीचे निरोप मेंदूकडे जाण्यास पंधरा-वीस मिनिटे जातात, आणि आमच्या घरात सकाळचे जेवण सात मिनिटांत उरकत असे.

खान्देशात जेवण भराभर उतरण्याचे एक कारण आमच्या खाण्याच्या रीतीतच आहे, आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. ज्वारीची किंवा कळण्याची गरम भाकरी ताटात चुरायची, त्यावर डाळ किंवा भाजीचा रस्सा ओतायचा, चांगले कालवायचे आणि मोठमोठे घास घ्यायचे. चवीला यासारखे दुसरे काही नाही, हे मी प्रथमच मान्य करते. पण अशी कुस्करलेली, रश्शात भिजलेली भाकरी चावावी लागत नाही. ती जवळजवळ गिळलीच जाते. तीच भाकरी तुकडा मोडून, भाजीला लावून खाल्ली तर प्रत्येक तुकडा दातांखाली नीट जातो, ज्वारीचा गोडसरपणा जिभेवर येतो आणि एका भाकरीला सहज दहा-बारा मिनिटे लागतात. मी आता पहिली भाकरी मोडून खाते, आणि त्यानंतर हवीशी वाटलीच तर अर्धी चुरून घेते. कळण्याच्या पिठात ज्वारीबरोबर सालीसकट उडीद दळलेले असतात, त्यामुळे प्रथिने आणि तंतू दोन्ही पोटात जातात आणि ही भाकरी साध्या पोळीपेक्षा कितीतरी अधिक काळ पोटाला आधार देते. वजन कमी करण्यासाठी भाकरी सोडून ओट्सकडे वळणाऱ्या माझ्या सहकारी शिक्षिकांना मी हे वारंवार सांगते. त्या ऐकतात असे मात्र नाही.

खाण्याच्या वेगाचा प्रश्न पाकिटातल्या पदार्थांतही आहेच. केविन हॉल यांनीच 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू दोन्हींत सारखे ठेवलेले असूनही पहिल्या प्रकारात ती माणसे दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात होती, आणि भरभरही खात होती. आमच्याकडे जळगावहून कोणी आले की केळीच्या वेफर्सचे पाकीट ठरलेले असते. त्याऐवजी केळी आणावीत अशी विनंती मी निर्लज्जपणे करू लागले आहे. मध्यम आकाराच्या केळ्यात शंभरेक कॅलरी असतात, आणि एक केळे खाल्ल्यावर दुसऱ्याकडे हात आपण होऊन जात नाही. वेफर्सच्या पाकिटाबाबत असे म्हणण्याची माझी तयारी नाही.

आता तेलाकडे येते, कारण आमच्या भागात शेवटचे चार किलो मुख्यतः तेलात आहेत, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. वाफाळत्या खिचडीला मधोमध आळे करायचे आणि त्यात लसणाच्या फोडणीचे किंवा कच्चे शेंगदाणा तेल सोडायचे; शेवभाजीवर बोटभर तर्री दिसली नाही तर ती भाजी आजारी माणसाची समजायची; ठेच्यावर तेल, चटणीत तेल, भरितावर तेल. एका ग्रॅम प्रथिनात किंवा पिष्टात चार कॅलरी असतात, तर एका ग्रॅम तेलात नऊ. शिवाय तेलाने पोट तेवढ्या प्रमाणात भरल्यासारखे वाटत नाही. चहाचा एक चमचा तेल चाळीस कॅलरींचे होते. खिचडीच्या आळ्यात आमच्याकडे पळीने तेल पडत असे, आणि ती पळी मी मोजून पाहिली तेव्हा तिच्यात चार चमचे सहज मावले. एकट्या पळीच्या दीडशेहून अधिक कॅलरी झाल्या. खिचडीतला तांदूळ आणि डाळ यांची चर्चा घरोघर होते, पळीची होत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुधारलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींचा एक नमुना दिला आहे. त्यात वरून घातलेले तेल-तूप दिवसाला माणशी सुमारे 27 ग्रॅम धरले आहे. एवढ्याशा आकड्याचा स्वयंपाकघरात उपयोग होत नाही, कारण फोडणी देताना कोणी तराजू घेऊन उभे राहत नाही. म्हणून मी तो हिशेब उलटा केला. आमच्याकडे तेल पंधरा किलोंच्या डब्याने येते आणि घरात आम्ही चौघे आहोत. माणशी 27 ग्रॅम म्हणजे चौघांना रोज 108 ग्रॅम, आणि अशा घरी एक डबा साडेचार महिन्यांहून थोडा अधिक पुरला पाहिजे. डबा फोडला त्या दिवशीची तारीख त्याच्या कडेवर खडूने लिहून ठेवायची, एवढेच काम. आमचा डबा पूर्वी अडीच महिन्यांत वाजू लागायचा. यात पाहुणे, सणावाराचे तळण आणि बाहेरचे जेवण यांचा घोळ आहे हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या घरात तेल डब्याने येते त्या घराला याहून चांगला आणि फुकटचा मापक मला सुचलेला नाही.

तेल कमी करण्याची सूचना घरात मांडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तेल दिसनं नई त खानारले काय गोड लागी?” त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. तेलात मसाल्याचा वास आणि रंग उतरतो, आणि सपक जेवण झाल्यावर माणूस तासाभरात काहीतरी चमचमीत शोधत फिरते. तडजोड अशी झाली की, फोडणी नेहमीसारखी द्यायची, पण वरून सोडायचे तेल पळीऐवजी चहाच्या चमच्याने, आणि तेही जेवणाऱ्याने स्वतःच्या हाताने घ्यायचे. स्वतःच्या हाताने घेताना माणूस पाहून घेते. शेवभाजीची तर्री मी वाढण्यापूर्वी वेगळ्या वाटीत काढून ठेवते. ज्याला हवी त्याने घ्यावी. यजमान ती अजूनही सगळी घेतात, पण तो त्यांच्या डॉक्टरांचा आणि त्यांचा प्रश्न आहे. शेव मात्र वाढतानाच मोजूनमापून घालते, कारण शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि रश्शात भिजलेली शेव मऊ होऊन नकळत पोटात जाते.

शेंगदाण्यांबद्दल मला कोणी वाईट बोललेले चालत नाही. प्रथिने, चांगला स्निग्धांश, स्वस्ताई, सगळेच त्यांच्या बाजूने आहे. अडचण त्यांच्या जागेची आहे. उत्तरपत्रिका तपासताना टेबलावर भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी ठेवण्याची पद्धत आमच्या शिक्षकखोलीत फार जुनी आहे, आणि लक्ष उत्तरपत्रिकेवर असताना तोंडात गेलेल्या दाण्यांची मेंदूत नोंद जवळजवळ होत नाही. लक्ष दुसरीकडे असताना खाल्लेले पुरेसे आठवत नाही आणि पुढच्या वेळी माणूस अधिक खाते, असे प्रयोगांतही दिसले आहे. तीस ग्रॅम दाण्यांच्या एकशेसत्तर कॅलरी होतात. गठ्ठा मोठा असला तर दोन मुठी सहज संपतात. दाणे सोडण्याऐवजी मी त्यांची वेळ बदलली. ते आता चार वाजता, गुळाच्या लहानशा खड्याबरोबर, पेन बाजूला ठेवून खाते, आणि खरे सांगायचे तर त्यांची चवही मला आताच कळू लागली आहे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक जागा आहे, आणि वजनाविषयी सल्ला देणारे पुरुष तिचा उल्लेख क्वचितच करतात. ओट्यापाशी उभे राहून खाल्लेले जेवण हे जेवणात धरले जात नाही. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाला राहिलेली दोन घास भाजी, सकाळच्या वरणभाताचा उरलेला घास. अन्न वाया जाऊ नये म्हणून घरची बाई ते संपवते आणि मग सर्वांबरोबर बसून पूर्ण ताटही जेवते. वाया जाऊ नये हा संस्कार मला सोडायचा नाही. उरलेले सगळे मी आता एका डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तेच माझ्या ताटात जेवणाचा भाग म्हणून घेते, वरचे म्हणून नव्हे. भाकरी उरली तर सकाळी तिचा कुस्करा होतो. बसल्याशिवाय खायचे नाही, हा एकच नियम मी स्वतःवर कडकपणे लादला आहे. बाकीचे नियम सणावाराला शिथिल होतात.

सणावाराचा प्रश्न खरे तर आग्रहाचा असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्यावर खापरावरची पुरणपोळी आणि आमरस समोर आला असताना कॅलरी मोजणे मला असभ्यपणाचे वाटते, आणि वर्षातून अशा दिवसांनी कोणाचे चार किलो अडत नाहीत. अडतात ते लग्नसराईत आठवड्याला दोन-तीन पंगती झाल्या की. तेथे “नको” म्हणण्यात अर्थ नसतो. वहिनी वाढायला आल्या आणि आपण ताटावर हात धरला की “थोडं तरी ल्या ना” सुरू होते, त्यात वाढणाऱ्याचा मान असतो आणि शेवटी दोन वाढप जास्तच होतात. यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. पहिल्या वाढपातच निम्मे घ्यावे. मग आग्रह होतो, आपण कौतुकाने “बरं, आणखी एक वाढा” म्हणतो, वाढणारी खूश होते, आणि ताटात जेवढे मुळात हवे होते तेवढेच येते. भराभर जेवून ताट रिकामे करणाऱ्याच्या ताटात अधिक पडते, हेही पंगतीत नीट पाहण्यासारखे आहे. सावकाश जेवणाऱ्याचे ताट भरलेले दिसते, म्हणून त्याच्यापुढून वाढपी निघून जातो.

श्रावणातल्या उपवासांबद्दल मात्र मी जरा कठोर बोलणार आहे. साबुदाण्याची खिचडी, त्यात ओंजळभर दाण्याचा कूट, सोबत बटाट्याचे वेफर्स आणि वर केळ्याचे शिकरण, असे दिवसभर खाऊन ज्यांना वजन उतरण्याची अपेक्षा आहे त्यांनी ती सोडावी. उपवास श्रद्धेचा आहे, तो श्रद्धेनेच करावा. आहारनियंत्रण म्हणून त्याच्याकडे पाहायचे असेल तर भगर, ताक आणि फळ यांवर थांबावे.

लक्षपूर्वक खाण्याचे गुणगान करणाऱ्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या विषयावर झालेल्या अभ्यासांत, दडपणाखाली किंवा भावनेच्या भरात अनावर खाणे या सवयीमुळे कमी होते, असे बऱ्यापैकी दिसते. वजन मात्र नेहमीच उतरते असे दिसत नाही. लक्ष देऊन, रसिकतेने, सावकाश खाऊनही माणूस अधिक खाऊ शकते. म्हणूनच मी लक्ष आणि माप या दोन्ही गोष्टी जोडीने ठेवल्या. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जेवणाचे प्रमाण आणि वेळा बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो. खाण्याची भीती बसलेल्या, आधीच सडपातळ असलेल्या मुलींनी तर शेवटचे चार किलो हा विषयच डोक्यातून काढून टाकावा.

वजनाचा काटा रोज पाहावा की नाही, यावर माझे मत रोज पाहावे पण रोज मानू नये असे आहे. रात्री पापड, लोणचे आणि खारवलेली मिरची झाली की मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवते आणि सकाळी काटा किलोभर वर दिसतो. त्यात चरबीचा काही संबंध नसतो. सात दिवसांची सरासरी काढली की तो गोंधळ संपतो. त्याहूनही मी आता मोजपट्टीवर अधिक विश्वास ठेवते. भारतीय स्त्रियांसाठी कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांसाठी 90 च्या आत असावा, असे सांगितले जाते. पोटातील अवयवांभोवतीच्या चरबीचा अंदाज या घेरावरून काट्यापेक्षा बरा येतो. माझा घेर 80 च्या खाली आला आहे, पण वजन अजून 59 च्या आसपास रेंगाळते आहे. म्हणजे किलो-दीड किलो बाकी आहे आणि आता थंडी तोंडावर आली आहे.

थंडीत आमच्याकडे शेतावर भरिताचे बेत ठरतात. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचलेली, वर कांद्याची पात. वांग्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक कॅलरी असतात, तेव्हा भरिताला घाबरण्याचे काही कारण नाही. सोबतच्या पुऱ्या आणि वरून सोडलेले तेल तेवढे पाहायचे. मी पुऱ्यांऐवजी कळण्याची भाकरी घेणार आहे. राहिलेला दीड किलो फाल्गुनापर्यंत गेला तर उत्तम, नाहीतर तो राहू द्यायचा, असे डॉक्टरांनाही सांगून ठेवले आहे.